दुबई मरिना : आधी काठ विचारा

प्रश्न : दिवाळीनंतर सासूसासऱ्यांना घेऊन दुबईला जातोय. मुक्काम बर दुबईत. मरिनासाठी एकच संध्याकाळ आहे. फिरणं आणि बोटीवरचं जेवण दोन्ही जमेल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जमेल. पण बुकिंग करताना दराच्याही आधी विचारा, बोट कुठल्या काठाला लागते? मरिना म्हणजे समुद्राचं पाणी आत घेतलेला सुमारे तीन किलोमीटरचा खोदीव कालवा. चालायला वाट दोन्ही काठांना आहे, पूल मात्र मोजके. डेक्कनवरून नदीपलीकडची रिक्षा दिसावी, तशी बोट समोर दिसते आणि तिथवर पोचेपर्यंत ती सुटते. व्हाउचरवर नुसतं ‘दुबई मरिना’ असेल तर धक्क्याचं नेमकं लोकेशन मागून घ्या.

बर दुबईतल्या बुरजुमान स्टेशनहून मेट्रोची रेड लाइन धरा, मरिनाजवळच्या ‘सोभा रिॲल्टी’ स्टेशनला उतरा. सिल्व्हर नोल कार्डावर (तिथलं प्रवासाचं प्रीपेड कार्ड) एका बाजूचे साडेसात दिरहम पडतात. हेच कार्ड मरिनातल्या ट्रामला चालतं. पण ट्रामला गेट नसल्यानं फलाटावरच्या यंत्राला कार्ड लावायचं राहून जातं आणि दंड बसतो. मेट्रोत खाणंपिणंही बंद, चिवड्याची पुडी उघडली तरी १०० दिरहम!

नोव्हेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे साडेचारला पोचा, उजेडात काठाकाठानं फिरा, मग मरिना मॉलमध्ये टेका. बोटी बहुधा आठ-साडेआठला सुटतात. वरचा डेक उघडा असतो, मजाही तिथेच. पण जिना अरुंद आणि उभा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर खालच्या वातानुकूलित डेकवर खिडकीजवळची जागा आधीच सांगून ठेवा. बुफेत शाकाहारी पदार्थ असतात. कांदा-लसूण चालत नसेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवा, ऐनवेळी भात आणि सॅलडवर भागवावं लागतं. परतताना लक्षात ठेवा, शुक्रवार सोडला तर मेट्रो मध्यरात्री बंद होते.

प्रश्न : तिथल्या खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो म्हणे?

उत्तर : मिळतो, पर्यटकांच्या व्हॅट-परतावा योजनेत सामील असलेल्या दुकानात किमान २५० दिरहमची खरेदी असेल तर. पैसे देतानाच पासपोर्ट दाखवा. विमानतळावर चेक-इनच्या आधी पडताळणी करा, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. बॅग आत गेली की संपलं. जेवणाच्या बिलावर परतावा नाही. १,०५० दिरहमच्या बिलात व्हॅट ५०. त्याचे ८७ टक्के, वजा ४.८० दिरहम शुल्क, म्हणजे हाती ३८.७०. एवढ्यासाठी रांगेत उभं राहायचं का, ते खरेदी बघून ठरवा.