उताऱ्यावर काकांचं नाव, मग जमीन कुणाची?

प्रश्न : आमची बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दोन एकर शेती आहे, आजोबांनी स्वतः विकत घेतलेली. ते मृत्युपत्र न करता गेले, मग थोरल्या काकांनी वारसा घालून उताऱ्यावर एकट्याचं नाव लावून घेतलं. आता म्हणतात उतारा माझा, जमीन माझी. बाबांचा हक्क गेला का? उतारा कन्नडात, आम्हाला नीट कळतही नाही. – एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही गेला. उतारा, म्हणजे आपली पहाणी, हा महसुलाचा कागद, सारा कुणाकडून घ्यायचा एवढ्यासाठी, त्यावर नाव चढलं म्हणून कुणी मालक होत नाही आणि उतरलं म्हणून हक्कही जात नाही, सुप्रीम कोर्टाने हे कितीदा सांगितलंय तरी गावात भांडण उताऱ्यावरूनच! मालकी येते खरेदीपत्र, बक्षीसपत्र, वाटणी नाहीतर वारशाने. तुमचं कुटुंब हिंदू वारसा कायद्यात बसत असेल तर आजी, सगळे मुलगे आणि आत्यासुद्धा सारख्या वाटेकरी. आत्यांना सगळेच विसरतात, सोयीस्करपणे.

आधी आजोबांच्या खरेदीपत्राची नक्कल सब-रजिस्ट्रारकडून काढा. मग ईसी, म्हणजे जमिनीवरच्या व्यवहारांचा दाखला, घ्या, त्यात रजिस्टर झालेलेच व्यवहार दिसतात, साध्या कागदावरची वाटणी दिसणार नाही. उताऱ्याचा ९ नंबरचा कॉलम मालकाच्या नावाचा, ११ नंबरचा बोजाचा, तिथे सोसायटीचं कर्ज चढलंय का ते कन्नड येणाऱ्याकडून वाचून घ्या. काका ऐकत नसतील तर दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा, आणि तो लवकर, जमीन तिसऱ्याला विकली की गुंता वाढतो.