वाचक विचारतात : भर पावसात गटाची निसर्ग-सहल

पावसाळी दिवशी निसर्ग उद्यान बघायला निघालेल्या गटांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. फोटोंबद्दलचे प्रश्न बहुतेक सारखेच होते, ते शेवटी एकत्र केले आहेत.

आम्ही पंचवीस जण आहोत. एका दिवसात दोन धबधबे, तळं, दोन व्ह्यू पॉइंट आणि एक जंगलवाट असं सहा ठिकाणांचं ठरलंय. अंदाज दिवसभर पावसाचा आहे आणि तारीख बदलता येत नाही. काय करावं?

सहातली तीन ठिकाणं कापा. आधी हिशोब बघा. बसमधून उतरणं, रेनकोट चढवणं, छत्री शोधणं यात माणशी अर्धा मिनिट धरलं तरी पंचवीस जणांना बारा मिनिटं लागतात. परत चढताना रेनकोट झटकत, पाय पुसत तेवढीच. सहा ठिकाणांना मिळून जवळपास अडीच तास नुसते बसच्या दारात जातात. शिवाय जो आधी उतरतो तो बाकीच्यांची वाट बघत उभाच राहतो. गटातली माणसं चालताना भिजतात त्याहून जास्त अशी उभी राहून भिजतात आणि गारठतात. चालत्या अंगात ऊब असते. थांबल्यावर ओले कपडे ती ओढून घेतात. पावसातल्या सहलीचं सगळं नियोजन म्हणजे हे थांबे कमी करणं, असं म्हटलं तरी चालेल.

कोणती तीन ठेवायची? जंगलवाट नक्की ठेवा, ओली झाडं, शेवाळं, बुरशी यांची खरी मजा पावसातच असते. फक्त एक लक्षात घ्या : झाडाखाली पाऊस उशिरा सुरू होतो आणि उशिरा थांबतो. आभाळ उघडल्यावरही पानांवरून ठिबकणं बराच वेळ चालतं, म्हणून जंगलात असताना रेनकोट काढण्याची घाई नको. वारा जोराचा असेल तर मात्र जंगलवाट रद्द. पाण्यानं जड झालेल्या फांद्या अशाच वेळी मोडतात. धबधब्यांपैकी रस्त्याजवळचा, कठड्यामागून दिसणारा एक घ्या. तिसरं ठिकाण तळं किंवा एखादा पॉइंट. पॉइंट हा जुगार आहे. ढग आत बसला तर समोर पांढरी भिंत असते. वीस मिनिटं थांबा, पावसाची सर ओसरली की बऱ्याचदा दरी मिनिटभर उघडते. नाही उघडली तर निघा. तासभर उभं राहून काही पदरात पडत नाही.

परतीची वेळ सकाळीच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. ढगाळ दिवशी झाडीत अंधार लवकर होतो.

रेनकोट घातल्यावर कोण कोण आहे तेच कळत नाही. मोजायला गेलं की दर वेळी आकडा वेगळा येतो.

कारण तुम्ही हलती डोकी मोजता. त्यापेक्षा प्रत्येकाला एक नंबर द्या आणि ओळीनं स्वतःचा नंबर ओरडून सांगायला लावा. पंचवीस जणांची हजेरी अर्ध्या मिनिटात होते आणि कोण नाही तेही लगेच कळतं. हजेरीपुरता हूड मागे घ्यायला सांगा. पावसाचे थेंब हुडावर ताडताड वाजत असतात, शेजारचा काय म्हणतो ते ऐकू येत नाही, आणि निम्मे घोळ तिथेच होतात.

एकगठ्ठा विकत घेतलेले एकाच रंगाचे पोंचो (डोक्यातून घालायचे सैल रेनकोट) हा दुसरा घोळ. असतील तर गटाचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागाची वेगळ्या रंगाची रिबन हुडाला शिवा किंवा सेफ्टी पिननं काठाला लावा. चिकटपट्टी ओल्या पृष्ठभागावर टिकत नाही. पिन मध्यावर टोचली तर तिथून पाणी आत येतं, म्हणून काठालाच.

तीन भाग करायचं आणखी एक कारण आहे. दोघांत दोन मीटर अंतर धरलं तर पंचवीस जणांची रांग पन्नास मीटरची होते. धुक्यात तीस मीटरपलीकडचं दिसत नसेल तर पुढच्याला मागचा माणूस दिसणारच नाही. प्रत्येक भागाला एक पुढचा आणि एक पिछाडीचा माणूस नेमा. पिछाडीच्या माणसानं कुणालाही मागे टाकायचं नाही, बुटाची नाडी बांधायला कुणी बसलं तरी नाही. वाट फुटते तिथे पिछाडी दिसेपर्यंत पुढच्यानं हलायचं नाही. शिट्टी दोघांकडेही हवी. तीनदा वाजली की मदत हवी, हा संकेत निघण्याआधीच ठरवून ठेवा.

छत्री, रेनकोट की पोंचो?

रुंद, सपाट वाटेवर आणि वारा नसेल तर छत्री. पायऱ्या, चढ-उतार असतील तिथे नको, कारण एक हात अडकतो आणि गर्दीत तिच्या काड्या नेमक्या मागच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. पोंचो पाठपिशवीवरूनही बसतो, हवा खेळती राहते, पण वाऱ्यात फडफडतो आणि उतरताना पायाखालचं दिसू देत नाही. तेव्हा पुढची बाजू कमरेला दोरीनं बांधून घ्या. रेनकोटाबद्दल एक तक्रार नेहमी असते, की तो आतून ओला होतो. बऱ्याचदा ते पाणी पावसाचं नसतं, घामाचं असतं. चढावर पुढची चेन अर्धी उघडा आणि आत सुती बनियनऐवजी पटकन वाळणारा टी-शर्ट घाला. सुती कापड पाणी धरून ठेवतं. जीन्स तर घालूच नका.

धबधब्यापाशी किंवा ओढ्यात उतरलं असताना पाणी वाढतंय हे आधी कसं ओळखायचं?

तुमच्या डोक्यावर पाऊस आहे की नाही यावर विसंबू नका. तो वर, डोंगरात पडत असतो आणि त्याचा लोंढा खाली ऊन असतानाही येऊ शकतो. त्याआधी चार गोष्टी बदलतात : स्वच्छ पाणी गढूळ होतं, पानं आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज खळाळण्यावरून घरघरीवर जातो आणि काठाचा मघाशी कोरडा असलेला दगड ओला होतो. शेवटची खूण मुद्दाम करून घ्या. पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेचा एक ठळक दगड हेरा आणि एका माणसाला त्यावर लक्ष ठेवायला सांगा. दगड बुडाला की चर्चा न करता सगळ्यांनी वर यायचं, सामान राहिलं तरी राहू द्यायचं. चढायचं ते काठावर, ओढ्याच्या बाजूनं खाली पळायचं नाही.

वाटेवरून पाणी वाहत असेल तर ओलांडू नका. वेगात असलेलं जेमतेम 15 सेंटीमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं आणि 30 सेंटीमीटर पाणी मोटारही वाहून नेऊ शकतं. हातात हात घालून साखळी करणं फसवं असतं, एक घसरला की दोन्हीकडचे ओढले जातात.

विजा चमकत असतील तर चमक आणि गडगडाट यांत किती सेकंद जातात ते मोजा. साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांपेक्षा कमी भरले, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, की बसमध्ये किंवा पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकटं झाड, कठडा, उघडी छत्री यांपासून दूर राहा. चारही बाजूंनी उघडा मंडप फक्त पाऊस अडवतो.

माझ्या बुटांचा तळ मागच्या सहलीत चालता चालता सुटला. बूट तर जेमतेम वापरलेले होते.

जेमतेम वापरलेले, पण कपाटात किती वर्षं होते? बऱ्याच बुटांच्या तळातला मधला थर पॉलियुरेथेन या मऊ प्लास्टिकचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो न वापरताही हळूहळू कुजतो. चार-पाच वर्षांनी वरून नवा दिसणारा बूट पहिल्याच ओल्या दिवशी उकलू शकतो. आदल्या आठवड्यात तपासा : टाचेच्या वरच्या कडेला अंगठ्यानं जोर देऊन दाबा, बूट मधोमध वाकवा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा हाताला लागला तर तो बूट नको. वाटेत सुटलाच तर नायलॉनची दोरी तळाखालून घेऊन घोट्यामागे बांधा. मात्र टाचेच्या बाजूनंही एक वेढा हवा, नुसता पुढचा बांधला तर तळ मागून फडफडतो आणि पायरीला अडकतो. वायरी बांधायचे चपटे प्लास्टिकचे टाय दोरीपेक्षा बरे, पिशवीत चार ठेवा.

घरी आल्यावर बूट उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, गोंद सुटतो. आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पहिल्या काही तासांत ते दोन-तीनदा बदला.

जळू लागली तर मीठ टाकावं का?

नको. मिठानं किंवा चटक्यानं ती आकसते आणि पोटातलं चावलेल्या जागी ओकू शकते. तिच्या बारीक टोकाखाली, कातडीला लागून, नख आडवं सरकवा. ते टोक सुटलं की दुसरं. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण गोठू न देणारं द्रव्य ती सोडते. जागा धुवा आणि दाबून धरा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा.

पावसात फोटो धुरकट येतात, फोनही नीट चालत नाही.

एसी बसमधून गार झालेला कॅमेरा दमट हवेत काढला की काचेवर बाष्प धरतं. पुसून उपयोग नाही, पुन्हा येतं. उतरण्याआधी तो बंद पिशवीत ठेवा आणि उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. पडद्यावर थेंब असताना फोन बोटाचा स्पर्श चुकीचा वाचतो. फोटो आवाजाच्या बटणानं काढा. पुसायचं कापड आतल्या खिशात ठेवा, आणि दोन ठेवा, कारण पहिलं दहा मिनिटांत भिजतं. चार्जिंगचं छिद्र ओलं असेल तर वाळेपर्यंत केबल लावू नका.

ओली पानं फोटोत पांढरट दिसतात, कारण ती चकाकतात. कॅमेऱ्याला पोलरायझर (भिंगापुढे लावायची, चकाकी अडवणारी काच) लावून फिरवला की चकाकी जाते आणि हिरवा रंग गडद होतो. त्यात उजेड मात्र एक-दोन स्टॉप कमी होतो (एका स्टॉपला निम्मा), म्हणून दाट झाडीत तो काढून ठेवा. धबधब्याची धार रेशमासारखी हवी तर शटर पाव ते अर्धा सेकंद. त्याला तिपाई लागते, पण लाकडी पुलावर ती लावू नका. मागून गट चालत असतो, फळ्या हलतात आणि सगळेच फोटो हललेले येतात. पूल संपल्यावर खडकावर लावा.