‘ती काळी, मी तिच्याजवळ बसणार नाही’ असं मुलगी म्हणाली तर

ताई, दुसरीतली तुमची मुलगी वर्गातल्या पावरा या आदिवासी समाजातल्या मुलीबद्दल असं बोलली, तिच्या भाषेलाही हसली, आणि तुम्ही ‘असं बोलू नये’ म्हणून विषय मिटवलात. तो मिटत नाही. मूल फक्त तुमच्यासमोर बोलायचं थांबतं. ‘सगळे सारखेच’ हेही तिला पटायचं नाही, फरक तिला डोळ्यांनी दिसतो.

आधी रंगाचं बोला. घरातल्या सगळ्यांचे हात एका ओळीत ठेवा, दोन-तीन छटा तिथेच दिसतील. कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते जास्त असलं की रंग गडद होतो आणि उन्हापासून राखणही तेच करतं. तो मळ नाही, धुऊन जात नाही, हे स्पष्ट सांगा. काळं म्हणजे अस्वच्छ, अशी गाठ मुलांच्या मनात सहज बसते. आणि ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील’ हे आजपासून बंद.

भाषेसाठी तुमच्या घरची अहिराणी हाताशी आहेच. आजीच्या ‘कथा जाई राहिनी?’ला (कुठे चालली आहेस?) पुण्यात कोणी हसलं तर तुला कसं वाटेल, एवढंच विचारा. मग पाणी, भाकरी, चांदणी यांना पावरीत काय म्हणतात ते मैत्रिणीकडून शिकून यायला सांगा. तीन शब्द पुरेत. जुने कपडे मात्र पाठवू नका, त्यातून मैत्री होत नाही, उपकार होतो.

खरी शिकवण घरात चालते. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, कप वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला. आजोबांच्या वयाच्या त्या माणसाला नातवंडं ‘अरे’ म्हणतात. तो कप आधी घरातल्या मांडणीत आणा. सासरे ऐकत नसतील तर मुलीला सरळ सांगा: ‘आजोबांना लहानपणी तसं शिकवलं गेलं. ते चूक आहे, आपण तसं करायचं नाही.’

नऊ-दहा वर्षांची झाली की ‘जात’ हा शब्द टाळू नका. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता बंद केली, हे सांगा. अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून 1947 मध्ये उपोषण केलं, हेही सांगा.

बाईंना भेटाल तेव्हा दोघींनाच शेजारी बसवा म्हणू नका. तुमच्या मुलीला ती शिक्षा वाटेल आणि राग त्या पोरीवर निघेल. दर सोमवारी सगळ्या वर्गाच्याच जागा फिरवायला सांगा.