डायव्हर्टर भिंतीत खोल गेलाय, टाइल्स फोडाव्या लागतील का?

टिळकवाडीतल्या जुन्या घराची न्हाणी नवी करताना टाइल्स लागल्या आणि मग कळलं की डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) आत गेलाय, हँडल पोचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. लगेच छिन्नी घेऊ नका.

कन्सील्ड, म्हणजे भिंतीत बसवलेल्या डायव्हर्टरच्या बॉडीवर प्लास्टिकची टोपी असते, तिच्यावर किमान-कमाल खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. गवंडी गिलावा जाड मारतो, टाइलची जाडी धरत नाही, आणि मग सगळे प्लंबरकडे बोट दाखवतात. बॉडी थोडीच आत असेल तर त्याच मॉडेलचा एक्स्टेन्शन किट (लांबी वाढवणारे जोडभाग) मागा. दुसऱ्या कंपनीचा सहसा बसत नाही, म्हणून बिल किंवा मॉडेल नंबरचा फोटो घेऊनच दुकानात जा. उलट बॉडी बाहेर आली असेल किंवा तिरकी असेल, तर मात्र फोडण्याला पर्याय नाही. 'सिलिकॉन मारून फ्लँज (भोक झाकणारी बाहेरची चकती) चिकटवतो' याला हो म्हणू नका. बोअरच्या क्षारांनी कार्ट्रिज (पाणी सोडणारा-अडवणारा आतला भाग) अडकलं की ते काढायला फ्लँज काढून तिथूनच हात घालावा लागतो.

फ्लँज लावण्याआधी शॉवरच्या तोंडाला डमी प्लग (तात्पुरतं बूच) लावा, डायव्हर्टर उघडा ठेवून रात्रभर लाइन चालू ठेवा आणि सकाळी बॉडीभोवती टॉर्च मारून ओल बघा. गरम पाणी डावीकडे आलंय ना, तेही तपासा. तोवर मिस्त्रीचा हिशेब पुरा करू नका.