जुनी चेनसॉ चालू करण्याआधी ती का थांबली, ते शोधा

जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीविषयी गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी अनेक पत्रे लाकूड कापण्याच्या जुन्या चेनसॉबद्दल आहेत. त्यातील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे वडील एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. वखार बंद झाली तेव्हा त्यांनी वापरलेली स्टिल कंपनीची ०७० चेनसॉ घरी आली आणि तेव्हापासून वीसेक वर्षे ती माळ्यावर पडून आहे. इंजिन जाम झालेले नाही. पुतण्या म्हणतो की पेट्रोल घालून रस्सी ओढून पाहू. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो की आधी सगळी खोलून रंग मारून घ्या. सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवावेत. आपली चेनसॉ १०६ सीसीची आहे आणि तिच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे १९५९ साली आलेली, गिअर नसलेली ‘कॉन्ट्रा’. इतके दणकट यंत्र चालू स्थितीत असते तर वखार मोडताना त्याला गिऱ्हाईक सहज मिळाले असते. ते घरी आले, याचा अर्थ तेव्हाच त्यात काही बिघाड असण्याची शक्यता आहे. तो बिघाड शोधल्याशिवाय इंजिन चालू केले, तर जे वीस वर्षांत बिघडले नाही ते वीस सेकंदांत बिघडू शकते.

पहिली पाहणी अगदी सोपी आहे. सायलेन्सरचे नट काढून तो बाजूला करा, रस्सी हळूहळू ओढत पिस्टन धुराच्या खिडकीसमोर आणा आणि टॉर्चच्या उजेडात त्याची कड नीट पाहा. पिस्टन गुळगुळीत असेल आणि त्यावर कारखान्यातल्या घडणीच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील, तर आपण भाग्यवान आहात. उभे ओरखडे दिसले तर मात्र ते कोणत्या बाजूला आहेत याला फार महत्त्व आहे. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील, तर पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडून किंवा कुठून तरी जादा हवा शिरून इंजिन तापले होते असे समजावे. कार्बोरेटरच्या बाजूला असतील, तर एअर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेली होती. दुरुस्तीची दिशा येथेच ठरते. नुसता पिस्टन बदलून हवेची गळती तशीच ठेवली, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. या छंदात सर्वाधिक पैसे याच चुकीपायी वाया गेलेले मी पाहिले आहेत.

गळती तपासण्यासाठी महागडे साधन लागत नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि काट्याचा मीटर एवढ्यावर काम होते. सायलेन्सर आणि कार्बोरेटर यांच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे पट्टीखाली दाबून घट्ट बसवा, निकामी स्पार्क प्लगचे पोर्सेलिन काढून त्याच्या पोकळ अंगात नळी बसवा, पिस्टन तळाशी आणा आणि काटा २५० मिलिमीटरपर्यंत चढवून थांबा. काटा जागेवर राहिला तर उत्तम. उतरू लागला तर साबणाचे पाणी ब्रशने लावत जा; जेथे बुडबुडे धरतील तेथे दोष आहे. बहुतेक वेळा ते क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी, फ्लायव्हीलच्या (त्यावर बसवलेल्या जड चाकाच्या) किंवा क्लचच्या मागे दिसतात, कारण तेथील ऑइल सीलचे, म्हणजे दांड्याभोवतीची फट बंद करणाऱ्या कड्याचे, रबर इतक्या वर्षांत लाकडासारखे कडक झालेले असते. सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी बहुधा त्याच्या अंगावरच छापलेली असते. ते माप सांगितले की सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीला माल पुरवणाऱ्या बेअरिंगच्या दुकानात तसे सील मिळण्यास हरकत नसावी. मात्र ते पेट्रोल सहन करणाऱ्या रबराचेच आहे, ही खात्री करून घ्यावी.

ठिणगी येत नसेल तर ती तयार करणाऱ्या कॉइलला लगेच दोष देऊ नका. या चेनसॉचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क, फ्लायव्हीलखाली असतात आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्यांच्यावर पांढुरका थर बसतो. फ्लायव्हील पुलर (ओढून काढण्याचे साधन) लावूनच काढावे, हातोडीने कधीही नाही. पॉइंट अगदी बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर जाड पांढऱ्या कागदाची पट्टी त्यांच्यामधून ओढा. पहिल्यांदा ती काळी निघेल, दुसऱ्यांदा करडी आणि चार-पाच वेळा ओढल्यावर कोरी. कोरी निघेपर्यंत थांबू नये. त्यानंतर फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) साधारण ०.४ मिलिमीटरचे अंतर ठेवावे. लुना आणि जुन्या स्कूटरच्या मॅग्नेटोवर ज्यांचा हात बसला आहे, असे ज्येष्ठ मेकॅनिक नाशिकमध्ये आजही आहेत; चेनसॉ त्यांनी कधी उघडली नसली तरी हे काम ते डोळे मिटून करतील. त्यांच्याकडे अवश्य जावे आणि शेजारी बसून पाहावे.

कार्बोरेटर सर्वांत शेवटी उघडावा. चेनसॉ आडवी-उभी कशीही धरावी लागते, म्हणून तिच्यात स्कूटरसारखा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा गोळा) नसतो, त्याऐवजी पातळ डायफ्राम (लवचीक पडदा) असतो. तो पापडासारखा कडकडीत झाला असेल तर धुऊन उपयोग नाही, बदलावाच लागतो.

प्रश्न : जुन्या चेनसॉची झाकणे पांढरी पडून खवखवीत झाली आहेत. ॲसिडने स्वच्छ करून पुन्हा रंग द्यावा का? — एक वाचक, सिडको

उत्तर : ॲसिड कृपया वापरू नका. त्या काळच्या पुष्कळ चेनसॉचे क्रँककेस (इंजिनाचे खालचे कवच) आणि झाकणे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात. मी स्वतः या छंदाच्या सुरुवातीला एक झाकण ॲल्युमिनियमचे समजून फरशी धुण्याच्या ॲसिडमध्ये बुडवले. क्षणात फेस उसळला, आणि मी ते चिमट्याने बाहेर काढेपर्यंत त्यावरची उठावाची अक्षरे झिजून गेली होती. तसे झाकण मला आजवर दुसरे मिळालेले नाही. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो आणि त्या आगीवर पाणी टाकल्यास ती अधिक भडकते. म्हणून ग्राइंडर किंवा वायर-ब्रशची मोटर न वापरता रॉकेल, मऊ ब्रश आणि हातानेच काम करावे. कोरडी वाळू जवळ ठेवावी.

रंगाविषयी माझे मत स्पष्ट आहे. मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी तो राहू द्यावा. मुठीजवळ रंग उडून धातू चकचकीत झालेला असतो, तेथे कोणाचा तरी हात वर्षानुवर्षे पडलेला आहे, आणि ती खूण पुन्हा तयार करता येत नाही.

प्रश्न : आताचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या इंजिनाला चालते का? ऑइल किती घालावे? — एक वाचक, निफाड

उत्तर : चालते, परंतु टाकीत ठेवू नये. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि जुने रबर फुगवते किंवा चिरवते. काम झाले की टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, आणि नळ्या नव्या बसवाव्यात. जुन्या इंजिनासाठी लिटरला ४० मिलिलिटर चांगले टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे २५ ला १ हे प्रमाण मी वापरतो.

प्रश्न : दुरुस्त केलेल्या चेनसॉने अंगणातले वाळलेले बदामाचे झाड मीच कापू का? साखळी कोणती घ्यावी? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : शहरी हद्दीतील झाडांना १९७५ चा महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे, त्यामुळे वाळलेल्या झाडासाठीही आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी. परवानगी मिळाली तरी उभे झाड पाडण्याचे काम जुन्या चेनसॉवर सोपवू नये. बारचे, म्हणजे साखळी ज्याभोवती फिरते त्या पात्याचे, टोक लाकडाला लागले की यंत्र उसळून थेट तोंडाकडे येते. अशा वेळी साखळी थांबवणारा ब्रेक १९७० नंतरच्या दशकात रुळला, त्याआधीच्या यंत्रांत तो नसतो. झाड जाणत्या माणसांकडून पाडून घ्यावे आणि जमिनीवर पडलेले ओंडके, ठोकळ्यांवर नीट टेकवून, जाड बूट, चष्मा आणि कानांवर संरक्षण घालून आपण कापावेत.

साखळी घेताना लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करावे, म्हणजे पिच (साखळीचे माप) कळतो. तो ०.४०४ इंच आला तर धार लावण्यासाठी ५.५ मिलिमीटरची गोल कानस घ्यावी. प्रत्येक दातापुढचा बुटका उंचवटा दाताने किती जाड कापा घ्यावा हे ठरवतो. तो अंदाजाने घासून फार खाली नेला तर साखळी लाकडात अडकून हिसके देते, म्हणून त्याची उंची दर चार-पाच धारांनंतर गेज लावूनच कमी करावी.