1192 च्या आधी दिल्ली होती का?

होती, आणि चांगली नांदती होती. तराईच्या दुसऱ्या लढाईत पृथ्वीराज चौहान हरला तेव्हा घोरींच्या हाती तटबंदीचं तयार शहर आलं. वस्ती तर त्याहून फार जुनी: पुराना किल्ल्याच्या उत्खननात मौर्यकाळापर्यंतचे थर सापडले आहेत, श्रीनिवासपुरीजवळ खडकावर अशोकाचा लेख आहे.

पण शहर म्हणून दिल्ली उभी केली ती तोमर राजांनी. अकराव्या शतकात अनंगपाल तोमराने मेहरौलीला लालकोट हा किल्ला बांधला. कुतुबच्या आवारात गेलात की सगळी गर्दी मिनाराकडे वळते. तुम्ही आधी लोहस्तंभापाशी थांबा. त्यावरचा सहा ओळींचा संस्कृत लेख गुप्तकाळातला, 'चंद्र' राजाचा. त्याच खांबावर संवत 1109 चा, म्हणजे इ.स. 1052 च्या सुमाराचा, अनंगपालाचा छोटासा लेखही आहे. मग शेजारच्या मशिदीच्या ओवऱ्यांतले खांब बघा, साखळीला लटकणाऱ्या घंटा कोरलेले. 27 देवळांचं सामान वापरलं, हे त्या मशिदीच्याच पूर्वेच्या दारावरच्या फारसी लेखात लिहिलंय. 1132 च्या सुमारास एका जैन कवीने या शहराचं भरभरून वर्णन केलंय. त्याचा आश्रयदाता होता इथलाच धनाढ्य व्यापारी, नट्टल साहू.

बाराव्या शतकाच्या मध्यावर विग्रहराज चौथ्याने दिल्ली चौहानांच्या सत्तेखाली आणली. त्यांची मुख्य राजधानी मात्र अजमेरच राहिली, त्यामुळे दिल्लीच्या जुन्या इतिहासाचं श्रेय एकट्या पृथ्वीराजाला देणं मला तोमरांवर अन्याय वाटतो.