वाचक विचारतात : धोक्याचा भोंगा निवडताना

प्रश्न : आमच्या रसायन कारखान्याच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक भोंगे बसवायचे ठरले आहे. एका उत्पादकाच्या माहितीपत्रकात 140 डेसिबल असे छापले आहे, तर दुसऱ्याच्या पत्रकात 120. सुरक्षा समितीचा कल साहजिकच पहिल्याकडे आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही पत्रकांतील बारीक अक्षरांत हा आकडा किती अंतरावर मोजला आहे ते पाहावे, कारण अंतर सांगितल्याशिवाय डेसिबलच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. समजा, पहिला आकडा कर्ण्यापासून 1 मीटरवरचा आहे आणि दुसरा 30 मीटरवरचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे 1 मीटरवरचे 140 डेसिबल 30 मीटरवर पोहोचेपर्यंत सुमारे 110 उरतात. याचा अर्थ लहान आकड्याचा भोंगाच प्रत्यक्षात 10 डेसिबलने मोठा आहे, आणि 10 डेसिबलचा फरक म्हणजे दहापट ध्वनिशक्ती.

पुढचे गणितही समितीने कागदावर मांडावे. इमारती, झाडे आणि जमीन आवाज खातात, म्हणून आखणी करताना अंतराच्या प्रत्येक दुपटीला 6 नव्हे तर 10 डेसिबल घट धरण्याची जुनी आणि सावध पद्धत आहे. त्या हिशेबाने 30 मीटरवर 120 डेसिबल देणारा भोंगा 960 मीटरवर 70 डेसिबलवर येतो, तर 110 डेसिबल देणारा 480 मीटरवरच तेथे पोहोचतो. ऐकणाऱ्याभोवतीच्या नेहमीच्या गोंगाटापेक्षा भोंगा निदान 10 डेसिबलने वर असावा असे मानतात. तेव्हा यंत्रांच्या घरघरीत काम करणाऱ्यांसाठी आणि शांत कुंपणापाशी राहणाऱ्यांसाठी वेगवेगळा विचार करावा लागेल. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आवाज वर वळतो आणि जमिनीवर ध्वनीची सावली पडते, म्हणजे तेथे भोंगा फारसा ऐकू येत नाही, हेही नकाशावर वर्तुळे काढताना विसरू नये. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो : हे भोंगे उघड्यावरच्या माणसांसाठी असतात. बंद खिडक्यांआड झोपलेल्यांना त्यांनीच जागे करावे अशी अपेक्षा ठेवून आखणी केली, तर ती फसते.

प्रश्न : जुना मोटारीचा भोंगा चांगला खणखणीत वाजतो. इलेक्ट्रॉनिक भोंगा बोलू शकतो, पण एका चाचणीत त्याचे शब्द कोणालाच कळले नाहीत. मग बोलण्याचा उपयोग काय?

उत्तर : मोटारीच्या भोंग्यात फिरणारे चाक हवेचा झोत कापते आणि स्वर निर्माण होतो, यंत्रणा दणकट खरी, पण सांगू शकते ती एकच गोष्ट, की काहीतरी घडले आहे. हवाई बेटांपैकी माउईवर 8 ऑगस्ट 2023 रोजी लाहाइना शहर आगीत सापडले तेव्हा तेथील भोंगे वाजवले गेले नाहीत, आणि संबंधित अधिकाऱ्याने नंतर दिलेले कारण असे होते, की लोक भोंग्याचा संबंध त्सुनामीशी जोडतात, त्यामुळे ते डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच, धावले असते. तो निर्णय योग्य होता असे मला मुळीच वाटत नाही. परंतु नुसत्या स्वराची मर्यादा यापेक्षा वेदनादायक रीतीने क्वचितच पुढे आली असेल. वायुगळतीत घरात थांबायचे की वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचे, हे केवळ शब्दच सांगू शकतात.

शब्द का कळले नाहीत, याची कारणे मात्र बहुधा यंत्राबाहेर सापडतील. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे एक भोंगा जवळ आणि दुसरा किलोमीटरभर पुढे असेल तर दुसऱ्याचे वाक्य जवळजवळ तीन सेकंद उशिरा येऊन पहिल्याच्या पुढच्या वाक्यावर आदळते. शिवाय 'स', 'त', 'च' यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच कंप्रतांत असते आणि हवा नेमक्या त्याच कंप्रता अधिक शोषून घेते, म्हणून दूरवर स्वरांची गुणगुण पोहोचते आणि शब्द हरवतात. उपाय साधा आहे : मोजके भोंगे थोड्या मोठ्या ताकदीचे घेण्यापेक्षा जवळजवळ बसवलेले लहान भोंगे घ्यावेत, शेजारचे भोंगे एकाच वेळी बोलणार नाहीत असा क्रम लावावा, आणि संदेश चार-पाच शब्दांचा, थांबून थांबून, पुनःपुन्हा द्यावा.

प्रश्न : दर महिन्याला भोंगा वाजवून पाहिला तर पुरे का?

उत्तर : वाजवून पाहावेच, कारण लोकांच्या कानांनाही सराव हवा, फ्रान्समध्ये महिन्याच्या पहिल्या बुधवारी आणि नेदरलँड्समध्ये पहिल्या सोमवारी दुपारी 12 वाजता अशी चाचणी घेण्याची प्रथा त्यासाठीच आहे. पण दोन चाचण्यांच्या मधल्या दिवसांचे काय? एकदा एका खांबावरची पेटी माझ्यासमोर उघडली होती. चार्जरचा हिरवा दिवा नीट लागलेला, बॅटरी विश्रांतीत 25 व्होल्ट दाखवत होती, फक्त तिच्या टोकांवर पांढरट-निळसर भुकटी साचलेली. भोंगा सुरू करताच व्होल्टमीटरचा काटा 17 वर कोसळला आणि कर्ण्यांतून दोन सेकंद नुसती घरघर आली. म्हणून उत्पादकाला असे विचारावे : कानाला ऐकू न येणाऱ्या स्वरावर प्रत्येक कर्ण्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजणारी मूक चाचणी यंत्रात आहे का, ती रोज आपोआप होते का, आणि बॅटरी भाराखाली तपासली जाते का? बंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना जवळपास निम्मे होते, त्यामुळे उन्हात तापणाऱ्या पेटीतील बॅटरी केव्हा बदलायची याची तारीख करारातच असावी.

आज्ञा रेडिओवरून जाणार असेल तर ती सांकेतिक आणि पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी असावी. अमेरिकेतील डॅलस शहरात 7 एप्रिल 2017 च्या रात्री कोणीतरी रेडिओमार्गे घुसखोरी करून 156 भोंगे वाजवले, आणि भयभीत लोकांच्या फोनखाली तातडीची सेवा दबून गेली. शेवटी, पैसे चुकते करण्यापूर्वी कुंपणाच्या चारही कोपऱ्यांवर ध्वनिमापक घेऊन माणसे उभी करावीत, भोंगा वाजवावा, आणि ठरलेले डेसिबल तेथे भरले तरच ताबापावतीवर सही करावी.